खाऱ्या वाऱ्यातला ड्रायर

वैतरणा समुद्राला मिळते तिथे तिच्या उत्तर काठावर दातिवरे वसले आहे; खाडीपलीकडे अर्नाळा. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या अशा गावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळवणे हे रोजचे संकट असते. पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. शाळेचा गणवेश, तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याचे कपडे, तान्ह्या मुलाची दुपटी, यांतले काहीच दोन दिवस थांबू शकत नाही. म्हणून या किनाऱ्यावरच्या असंख्य घरांत सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आले, आणि त्यातल्या धुण्याच्या टबापेक्षाही शेजारच्या लहान, भोकाभोकांच्या टबाला, म्हणजे ड्रायरला, पावसाळ्यात जास्त मान मिळाला. हा ड्रायर हवा गरम करत नाही. तो कपडे गरागरा फिरवून त्यांतले पाणी बाहेर फेकतो. पण दमट हवेत कपडा किती तासांत वाळेल, त्याला कुबट वास धरेल की नाही, हे तो दोरीवर जाताना त्यात किती पाणी उरले आहे यावरच ठरते. त्यामुळे तीन-चार पावसाळ्यांनंतर हा ड्रायर धडधडू लागला, किंचाळू लागला, की घरात पहिला विचार येतो तो ‘आता मशीन गेले’ हा. हा विचार बहुतेक वेळा चुकीचा असतो. ड्रायरचा आवाज म्हणजे मशीनचे म्हातारपण नव्हे. कोणता सुटा भाग बिघडला आहे हे तो आवाज बऱ्याच नेमकेपणाने सांगतो, आणि त्या भागांपैकी बरेचसे घरच्या घरी, साध्या पान्याने आणि स्क्रू-ड्रायव्हरने, नीट होण्यासारखे असतात. अट एकच आहे, ती म्हणजे आवाज सुरू झाल्यावर महिनोन्‌महिने वाट पाहू नये.

आवाज एवढा मोठा का होतो, हे आधी समजून घ्यायला हवे. सेमी-ऑटोमॅटिकमधला ड्रायर साधारणपणे मिनिटाला १,३०० ते १,४०० फेरे घेतो. १,३५० फेरे धरू आणि टबाची त्रिज्या १२ सेंटिमीटर मानू. या वेगाला टबाच्या भिंतीशी चिकटलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४० पट जोर येतो. पाणी भोकांतून सुटून जाते ते याच जोराने. पण हाच जोर तोलाची चूकही तेवढ्याच पटींनी वाढवतो. टबाच्या एका बाजूला ओला टॉवेल बसला आणि दुसऱ्या बाजूला रुमाल, आणि दोन्हींत फक्त १०० ग्रॅमचा फरक असला, तरी पूर्ण वेगात तो फरक टबाला सुमारे २४ किलो वजनाच्या ओढीने एका बाजूला खेचतो, आणि ही ओढ सेकंदाला बावीस-तेवीस वेळा दिशा बदलते. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवले की दोन गोष्टी उलगडतात. निरोगी ड्रायरही वाईट भरला तर भयानक आवाज करू शकतो. आणि एखादा बोल्ट किंचित सैल असेल तर तो सैलच राहणार नाही. दर फेरीला बसणाऱ्या हिसक्याने तो आणखी सुटत जाईल, भोक मोठे करील, शेवटी मोटरचा दांडाच खराब करील.

म्हणून तपासणीची पहिली पायरी फुकट आहे आणि तिला कसलेही हत्यार लागत नाही. ड्रायर रिकामा चालवून पाहावा. रिकामा असताना आवाज नाहीसा झाला तर दोष भरण्यात आहे. जड कपडे तळाशी, हलके वर, सगळीकडे सारखे दाबून, आणि वर प्लॅस्टिकची आतली चकती घट्ट बसवून, एवढे पाळले तरी अनेक घरांतला रोजचा धडधडाट तिथेच संपतो. ती चकती हरवली म्हणून तिच्याविना ड्रायर चालवणाऱ्या घरांची संख्या कमी नाही, आणि तिथले कपडे वर उसळून टब आणि बाहेरचे भांडे यांच्या फटीत शिरतात. मोजा, रुमाल, लहान मुलाचे टोपडे तिथे अडकले की खरखर घासल्यासारखा आवाज येतो. तसेच मशीन कुठे उभे आहे तेही पाहावे. मोरीकडे उतार दिलेल्या कोब्यावर, एका पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवून ठेवलेले मशीन कधीच शांत चालणार नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना घाबरवते: सुरू होताना आणि थांबताना ड्रायर काही क्षण जोरात डोलतो. मोटर आणि टब मिळून स्प्रिंगांवर तरंगत असतात आणि त्या स्प्रिंगांच्या स्वतःच्या हेलकाव्याशी एका ठरावीक कमी वेगाला टबाचा वेग जुळतो, म्हणून हे होते. तो क्षण ओलांडून पूर्ण वेग आल्यावर डोलणे थांबले तर काळजीचे कारण नाही. पूर्ण वेगातही थांबले नाही, तर मात्र आत पाहायला हवे.

आत पाहण्याआधी किनारपट्टी या यंत्राचे काय करते ते सांगायला हवे, कारण कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हा भाग सहसा सापडत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते घरातल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते. दातिवरे, एडवण, केळवे या पट्ट्यात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. म्हणजे स्प्रिंग, बोल्ट, मोटरचे कवच यांवर चार महिने खाऱ्या पाण्याचा न वाळणारा पातळ थर राहतो. त्यात किनाऱ्यावरच्या अनेक विहिरींचे आणि बोअरवेलचे पाणी मचूळ. साबणाबरोबर त्याचा थर रबरी सीलवर बसतो, रबर कडक होते आणि दांड्याभोवतीची पकड सुटते. मग साबणाचे पाणी दांड्यावरून खाली उतरून थेट मोटरच्या बेरिंगपर्यंत पोहोचते. त्यामुळे दुष्काळी पट्ट्यातल्या घरात जे मशीन दहा वर्षे मुकाट चालेल तेच इथे निम्म्या काळात बोलू लागेल, यात नवल नाही. मशीनचा दर्जा हलका म्हणून नेहमी असे होत नाही, वापर जास्त म्हणूनही नाही. बिघाडाचे मुख्य कारण खारी हवा असेल, तर नवे मशीन आणूनही तो थांबत नाही, फक्त तीन-चार वर्षे पुढे ढकलला जातो. म्हणूनच दुरुस्तीची बाजू या किनाऱ्यावर इतर ठिकाणांपेक्षा अधिक भक्कम आहे.

आता आवाजांकडे. मशीनची पाठ काढण्याआधी प्लग सॉकेटमधून उपसून बाजूला ठेवायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी चुकीच्या तारेवर असते. पाणी पूर्ण काढायचे, मशीन भिंतीपासून दोघांनी मिळून ओढायचे. पाठीमागचे स्क्रू काढले की ड्रायरच्या बाजूला खाली मोटर दिसते. ती तीन स्प्रिंगांवर किंवा रबरांवर उभी असते, तिच्या दांड्यावर एक गोल ड्रम, त्याला लागून ब्रेकचा लहानसा बूट, आणि वरून झाकणापासून आलेली ब्रेकची तार. टब हाताने हळू फिरवून पाहावा. रिकामा असतानाही धडधडणारा ड्रायर बहुधा स्प्रिंगांचा बळी असतो. तिन्हींपैकी एक गंजून तुटलेली किंवा खचलेली असते आणि मोटर एका अंगाला कललेली नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इथे एकच स्प्रिंग बदलण्याचा मोह टाळावा. नवी एक आणि थकलेल्या दोन मिळून मोटर पुन्हा कललेलीच राहते. तिन्ही एकदम बदलाव्यात. खडखड, जणू आत काही सुटे पडले आहे असा आवाज असेल, तर मोटरचा दांडा आणि टबाचा दांडा जोडणाऱ्या गोल जोडाचे बोल्ट पाहावेत. ते सैल असतील तर जोडाला धरून टब थोडा पुढेमागे हलवला की मोकळेपणा हाताला कळतो. बोल्ट आवळून त्यावरची चेकनट घट्ट करणे हे दहा मिनिटांचे काम आहे. माझ्या मते गोंगाट करणाऱ्या ड्रायरची ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित दुरुस्ती आहे.

किंचाळल्यासारखा, घासल्याचा आवाज आणि बरोबर जळका वास असेल तर ब्रेककडे वळावे. झाकण बंद केले की तार ताणली जाते आणि ब्रेकचा बूट ड्रमपासून दूर होतो; झाकण उघडले की तार सैल पडते, बूट ड्रमला धरतो आणि टब थांबतो. तार वर्षानुवर्षे ताणून लांब झाली, किंवा तिच्या आवरणात गंज भरून ती अडकू लागली, की झाकण बंद असतानाही बूट ड्रमला टेकलेला राहतो. मोटर ब्रेक लावलेल्या अवस्थेत धावते, गरम होते, आणि शेवटी जळू शकते. तार ज्या पट्टीला अडकवली असते तिथे बहुधा एक-दोन जादा भोके असतात. तार एक भोक पुढे अडकवली की काम होते. इथे उलट टोकाची चूक धोक्याची आहे. तार इतकी ओढू नये की झाकण उघडल्यावर ब्रेक लागणारच नाही. काम झाल्यावर झाकण उघडून टब काही सेकंदांत थांबतो का हे पाहिल्याशिवाय मशीन घरच्यांच्या हाती देऊ नये. फिरत्या टबात हात घालून बोटे गमावण्याचे अपघात होतात, आणि ते रोखणारा हा मुख्य भाग आहे.

उरतो तो वेगाबरोबर चढत जाणारा, दळल्यासारखा घरघराट. तो बेरिंगचा किंवा बुशचा, आणि त्याच्या मागे जवळजवळ नेहमी गळके सील. मोटरच्या वरच्या भागावर साबणाचा पांढरा थर आणि तांबूस ओघळ दिसले की खात्री पटते. सील बदलणे घरी जमते: जोडाचे बोल्ट सोडून टब वर उपसायचा, जुने रबर काढायचे, बसण्याची जागा पुसून नवे बसवायचे. गंजाने टब उपसत नसेल तर जोर लावून दांडा वाकवण्यापेक्षा गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे, आणि ते ब्रेकच्या बुटावर व रबरावर उडणार नाही असे पाहावे. सीलला खोबरेल तेल चोपडण्याची आपल्याकडे सवय आहे. तिचा उपयोग दोन दिवस टिकतो; नंतर ते चिकट होऊन धूळ धरते. लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावावे, ते रबराला बाधत नाही. बेरिंग मात्र मोटरच्या पोटात असते आणि ते बदलायचे काम मिस्त्रीकडेच द्यावे. तसेच टब हाताने मोकळा फिरत असताना मोटर नुसती गुंगुं करते आणि फिरत नाही, तेव्हा संशय कपॅसिटरवर जातो. कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवू शकतो. त्याच्या टोकांना हात लावू नये.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या यंत्रात घरच्या माणसाने हात का घालावा? हा आक्षेप अर्धा मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच वर सीमारेषा आखली आहे: स्प्रिंग, बोल्ट, ब्रेकची तार, सील ही यांत्रिक कामे आहेत आणि प्लग बाहेर असताना ती सायकल दुरुस्त करण्याइतकीच निर्धोक आहेत. तारांची जोडणी, कपॅसिटर, मोटर ही ज्याला त्याचे ज्ञान आहे त्याची कामे. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग उलटाच लागू पडतो. गळके सील महिनोन्‌महिने तसेच ठेवून विजेच्या मोटरवर साबणाचे पाणी पडू देणे हे पाठ उघडून पाहण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. ज्या घरात मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात तिथे आवाजाची चिंता नंतर करावी, आधी अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. खालून उघड्या असलेल्या मशीनमध्ये पावसाळ्यात उंदीर शिरून वायरी कुरतडतात. कुरतडलेले आवरणही पाठ उघडल्यावरच दिसते.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा. ती चालू असेल तोवर मशीन उघडू नये, कंपनीच्या माणसाला बोलवावे. यात वादाला जागा नाही. तिसरा आक्षेप मिस्त्रींच्या पोटाचा. पण सफाळे किंवा पालघरहून दातिवऱ्यापर्यंत येणाऱ्या मिस्त्रीचा अर्धा दिवस प्रवासात जातो, आणि सैल बोल्टसाठी त्याला बोलावले तर पैसे त्याच्या कौशल्यासाठी मोजले जात नाहीत, वाटेसाठी मोजले जातात. फोनवर ‘ड्रायर आवाज करतोय’ एवढेच सांगण्याऐवजी ‘रिकामा असतानाही घरघरतो, मोटरवर पाणी दिसते’ असे सांगणाऱ्या घराकडे तो योग्य सील आणि बेरिंग घेऊनच येतो, एका फेरीत काम संपवतो.

मग प्रश्न उरतो सवयीचा, आणि या बाबतीत हा किनारा कुणाकडून शिकायला हवा असे मुळीच नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात दातिवऱ्यापासून सातपाटीपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. बंदीच्या त्या दिवसांत डागडुजी, जाळी विणणे, इंजिनांची कामे चालतात. इंजिनाचा आवाज बदलला की खोल समुद्रात जाण्याआधी ते उघडायचे, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. चिंचणी-डहाणूकडे डायमेकिंगच्या कामात पोलादावर केसाएवढी बारीक नक्षी कोरणारे हात घराघरांत आहेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पंप आणि मोटरी रोज हाताळणारे हजारो कामगार आहेत. एवढे कौशल्य ज्या पट्ट्यात आहे तिथे घरातल्या बाईच्या कष्टाशी जोडलेले यंत्रच तेवढे दुर्लक्षित का राहावे? मला वाटते याचे कारण कौशल्याचा अभाव हे नाही. होडी कमावते म्हणून तिची देखभाल हे काम मानले जाते. कपडे धुणे कमावत नाही म्हणून त्याच्या यंत्राचा आवाज सहन करण्याची गोष्ट ठरते. तो आवाज दिवसभर ऐकणारी व्यक्ती घरात सर्वांत आधी बदल ओळखते, आणि बहुधा तिचेच बोलणे सर्वांत उशिरा ऐकले जाते. ड्रायरची तपासणी मे महिन्यात, आंब्याच्या गडबडीतून एक दुपार काढून, पहिल्या सरीआधी व्हावी: स्प्रिंगांवरचा गंज घासून त्यांवर ग्रीसचा पातळ हात, जोडाचे बोल्ट आवळणे, ब्रेकची तार पाहणे, खाली उंदरांसाठी जाळी.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे उत्तर घरात नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, वाहने यांच्याबरोबर घरगुती वापराची टिकाऊ उपकरणेही आहेत. युरोपीय संघाने याहून पुढचे पाऊल टाकले: मार्च २०२१ पासून तिथे वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीला त्या मॉडेलचे महत्त्वाचे सुटे भाग, शेवटचे मशीन बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे, उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे असे बंधन आले पाहिजे. तोवर मशीनच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवणे, काढलेला जुना भाग फेकून न देता तोच पालघर-बोईसरच्या दुकानात नेऊन जुळवणे, हे मार्ग आहेत. सुदैवाने सेमी-ऑटोमॅटिकचे सील, स्प्रिंगा आणि तारा अनेक कंपन्यांच्या एकमेकींना चालतात, आणि त्यांची किंमत शेकड्यांत असते; नव्या मशीनची काही हजारांत.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत ड्रायर म्हणजे गरम हवेचा मोठा ड्रम. त्याचे भाग वेगळे, तपासणीची रीत तीच. दर फेरीला ठोका पडत असेल तर ड्रम ज्यांवर फिरतो ते रोलर झिजलेले, सतत किंचाळत असेल तर पट्टा ताणून धरणारी पुली कोरडी, खडखडत असेल तर नाणे किंवा बटण पंख्यापर्यंत गेलेले. तिथे एक जादा धोका आहे. कपड्यांच्या तंतूंचा गाळ जाळीत आणि बाहेरच्या नळीत साठतो आणि पेट घेतो. जाळी प्रत्येक वेळी साफ करायची, आणि आवाजासाठी पाठ उघडली की आतला गाळही काढायचा. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर गॅसच्या जोडणीला हात न लावता जाणकाराला बोलवावे.

प्रत्येक मशीन वाचवावेच, असे माझे म्हणणे नाही. खालचा पत्र्याचा सांगाडा गंजून मोटरच्या बैठकीलाच भोक पडले असेल, फिरणाऱ्या टबाला तडा गेला असेल, किंवा मोटर जळून गुंडाळून आणली आणि पुन्हा जळली असेल, तर पैसे घालण्यात अर्थ नाही; तडा गेलेला टब तर एक दिवसही चालवू नये, कारण त्या वेगाला तो फुटू शकतो. असे मशीन देताना मात्र त्यातल्या चालू स्प्रिंगा, तारा, टबाची आतली चकती काढून ठेवाव्यात, शेजारच्या घराला त्या उपयोगी पडतात. उरलेले धूड खाडीकाठी टाकू नये. वॉशिंग मशीन ई-कचरा नियमांत येते, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार त्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवे मशीन विकत घेताना जुने परत घेण्याची व्यवस्था आहे का, हे दुकानात विचारावे, आणि त्याच वेळी हेही विचारावे की नव्या मशीनचा खालचा भाग पत्र्याचा आहे की प्लॅस्टिकचा. दातिवऱ्यासारख्या गावासाठी प्लॅस्टिकचा घ्यावा.